उपग्रहाचं लाल टोपण

गुरुवार, ९ ऑक्टोबर १९९७. बेंगळूरु.

हजर: आमचे संचालक, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणतात. वर्कशॉपचे मेस्त्री आणि त्यांची दोन माणसं. तिकीट खिडकीवरच्या बाई. माळी. व्हॅनचा ड्रायव्हर. मी. पाहुणे एक: माझा थोरला भाऊ अण्णा, रीतसर तिकीट काढून आत आलेला. आणि दर्शनी दालनात, पायऱ्यांच्या चौथऱ्यावर, एक उपग्रह.

गैरहजर: इलेक्ट्रिशियन. सासुरवाडीला, देवनहळ्ळीला, आदल्या संध्याकाळीच पसार.

हजेरी मांडल्याशिवाय मला कुठलीही गोष्ट सांगता येत नाही. आमच्या घरात लग्न निघालं की बाकीच्या बायका साड्यांचं बघतात आणि मी याद्या करते. लोकांसाठी उघडलेल्या एका विज्ञान संग्रहालयात मी कार्यालय सांभाळते. तिथे हा स्वभाव उपयोगी पडतो. कुठल्या दालनातला दिवा गेला, कुठल्या नमुन्याचं हँडल शाळेच्या पोरांनी उपटलं, कुणाची रजा आणि कुणाची दांडी, सगळं माझ्या वहीत असतं. काम झालं की त्यावर रेघ. रेघ मारताना होणारा आनंद ज्यांना कळत नाही, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजेची सुट्टी होती, म्हणून आमची पूजा आदल्या दिवशी. इथल्या कारखान्यांचा, बँकांचा, बस डेपोंचा सगळ्यांचा हाच शिरस्ता आहे. ज्याच्यावर पोट चालतं त्याला त्या दिवशी कुंकू लागतं. लेथला लागतं, टायपरायटरला लागतं, गाडीच्या चाकाखाली लिंबू जातं, फाटकात कोहळा फुटतो आणि सगळ्यांना कागदाच्या पुड्यात कडलेपुरी मिळते, म्हणजे आपले चुरमुरे आणि फुटाणे. आमच्याकडे ही पूजा मेस्त्रींची. संचालक बदलतात, मेस्त्री बदलत नाहीत. कुठल्या यंत्रापासून सुरुवात करायची आणि कुठे संपवायची, हे तेच ठरवतात आणि त्यात सरांनाही बोलायची सोय नसते.

तर प्रश्न असा होता, की ह्या वर्षी मेस्त्री उपग्रहासमोर थांबणार की नाही. माझ्या अण्णाचा जीव त्यात अडकला होता.

उपग्रह जुलैत आला. आला म्हणजे आकाशातून नव्हे. हे मी आजवर इतक्या लोकांना सांगितलं आहे की झोपेतही सांगेन. निवृत्त झालेलं विमान संग्रहालयात आणून ठेवता येतं, आगगाडीचं इंजिन ठेवता येतं, उपग्रह ठेवता येत नाही. त्याचं काम संपलं की तो तिथेच वर मुका होऊन फिरत राहतो. आणायला कोण जाणार?

पण उपग्रह जोडीने घडवतात. पहिला घडवतात तो मार खाण्यासाठी. त्याला थरथरणाऱ्या टेबलावर बांधून असा हलवतात की अग्निबाणावरचे हाल त्याला जमिनीवरच भोगायला लागावेत. मग हवा काढलेल्या मोठ्या पिंपात घालून तापवतात, गारठवतात, पुन्हा तापवतात. त्यातून जे शिकायचं ते शिकून मग दुसरा घडवतात आणि तो वर जातो. पहिला खाली राहतो. त्याला लाकडी पेटीत घालून गोदामात ठेवतात, कारण धाकट्याला वर काही झालं तर इथे थोरल्यावर ताडून बघता येतं. आमच्याकडे आलेला हा थोरला. धाकट्याने काही वर्षं नेमाने काम केलं, मग त्याचा आवाज थांबला. तो निवृत्त झाला तसा हाही झाला, आणि सरांनी पत्रामागून पत्रं धाडून त्याला आमच्यासाठी मागून घेतलं.

अण्णा त्या पेटीबरोबरच आला. निम्मं आयुष्य त्याचं उपग्रह बांधणाऱ्यांच्या चाचणी विभागात गेलं, आणि त्यातली बरीच वर्षं ह्याच एका यानापाशी. त्याच वर्षी मार्चमध्ये तो निवृत्त झाला होता. बनशंकरीत आमची घरं एकाच गल्लीत आहेत, तेव्हा वहिनीचं गाऱ्हाणं मला रोज ऐकू यायचं: नोकरीत असताना घरी दिसले नाहीत, आता दिसतात तर दिवसभर डबे मोजतात. पेटी येणार हे कळल्यावर तो सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी फाटकात उभा. निवृत्तांना अशी कामं काढून द्यावीत, घरादाराचं भलं होतं.

पेटी दारातून आत जाईना. मोजमाप मी आधी ताडून घेतलं होतं, दाराचंही आणि पेटीचंही, पण पेटीला खालून लाकडी पाय असतात हे कुणी कळवलं नव्हतं. मेस्त्रींनी दाराची चौकट काढली. चौकटीबरोबर भिंतीचा थोडा भाग आला. मी वहीत लिहिलं: गवंडी. मग साखळीच्या कप्पीवर तो बाहेर निघाला, आणि सगळ्यांची थोडी निराशाच झाली. लोकांना उपग्रह म्हटलं की झळझळीत सोनं हवं असतं. ह्याच्या अंगावरचा कागदाइतका पातळ सोनेरी पत्रा सुरकुतलेला, कोपऱ्यात फाटलेला, एका बाजूला मुळीच नाही. कडा बोटांनी काळवंडलेल्या. आणि पुढच्या तोंडावर एक लाल टोपण. चांगलं वाटीएवढं, भडक लाल, त्याला लाल फीत आणि फितीवर इंग्रजीत छापलेलं: उड्डाणापूर्वी काढावे.

सर मूळचे उत्तरेकडचे, उत्साही माणूस. त्यांनी तिथल्या तिथे दोन हुकूम सोडले. एक, इथल्या शिवाजीनगरच्या बाजारातून सोनेरी कागद आणून अंगाला लावा. दोन, ते टोपण काढा, फोटोत बादलीचं झाकण विसरल्यासारखं दिसेल.

सोनेरी कागदाचं मेस्त्रींनी मनावर घेतलं. दुपारी ते लग्नाच्या मांडवाला लावतात तसला कागद घेऊन हजर. अण्णाने तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि अगदी नम्रपणे विचारलं, ह्याला मुंडावळ्या पण आणल्या आहेत का. कागद परत गेला.

टोपणाचं मात्र अडलं. अण्णा म्हणाला, ते राहू दे. मी विचारलं, आत काय आहे. तिथे कॅमेरा बसतो, तो म्हणाला, त्याच्या भिंगावर धूळ बसू नये म्हणून टोपण. मग ह्याच्या आत कॅमेरा आहे? नाही, ह्याच्या आत कॅमेऱ्याच्या वजनाचा ॲल्युमिनियमचा ठोकळा आहे.

“म्हणजे ठोकळ्यावर धूळ बसू नये म्हणून टोपण,” मी म्हटलं.

“हो,” अण्णा म्हणाला. “सवय.”

मी वहीत लिहिलं: लाल टोपण काढणे. आणि पुढच्या कामाला लागले, कारण चौथऱ्याचं काम उभं राहिलं होतं.

ह्या चौथऱ्यात थोडा दोष माझ्या पाहुणचाराचा आहे. आमच्याकडे नवरात्रात गोंबे मांडतात. आमचं घराणं मराठी खरं, पण पिढ्यानपिढ्या इथलं. कोलू म्हणा, गोंबे म्हणा, बाहुल्यांच्या पायऱ्या आमच्याकडे शेजाऱ्यांइतक्याच थाटात लागतात. आदल्या वर्षी सर आणि त्यांच्या मिसेस बघायला आले होते. विषम संख्येच्या पायऱ्या, वर पांढरं धोतर, त्यावर राजा-राणी, दशावतार, वाण्याचं दुकान, बँडवाले, माझ्या लेकीची प्लॅस्टिकची मोटार. सरांना ते इतकं आवडलं की उपग्रहाचा चौथरा करताना त्यांनी सुताराला थेट तोच नमुना सांगितला. पाच पायऱ्या. सर्वांत वर उपग्रह. खालच्या पायऱ्यांवर छोटे अग्निबाण, थर्माकोलचा चंद्र, प्लास्टरची पृथ्वी. कापडही पांढरंच. इथे जन्मलेल्या कुणालाही तो बघताक्षणी काय आहे ते कळलं असतं, आणि कळलंच. तिकीट खिडकीवरच्या बाईंनी पहिल्याच दिवशी मला विचारलं, “अक्का, ह्यांना आरती किती वाजता?”

समोर पितळी कड्यांचा दोर, बाजूला पाटी. पाटीचा मजकूर आमच्याकडे ठरलेला असतो. डायनोसॉरला, हृदयाला, ज्वालामुखीला जो शब्द, तोच ह्यालाही: प्रतिकृती. कन्नडमध्ये, इंग्रजीत, हिंदीत.

अण्णाने पाटी वाचली. पुढे तो आठवड्यातून एकदा तरी येऊ लागला. मी ओळखीचा पास देऊ केला तो घेतला नाही, प्रत्येक वेळी तिकीट. दोराच्या ह्या बाजूला हात मागे बांधून उभा राहायचा आणि लोक काय म्हणतात ते ऐकायचा. शाळेच्या सहली यायच्या, पोरं टोपणाकडे बोट दाखवून त्याला नाक म्हणायची. ते त्याला आवडायचं.

एका शनिवारी पुण्याहून नवीनच आलेलं जोडपं होतं, सॉफ्टवेअरमधलं. मी बाजूच्या दालनात दिवे मोजत होते, मराठी कानावर पडलं म्हणून थबकले. त्या मुलाने अण्णाला इंग्रजीत विचारलं, हा ओरिजिनल आहे का. अण्णाने मराठीत उत्तर दिलं, तसा तो खूश झाला. अण्णा सांगत होता की ह्याचा जोडीदार वर गेला, हा खाली राहिला, सगळ्या चाचण्या ह्याच्यावर झाल्या.

“म्हणजे डमीच की,” तो म्हणाला.

“अरे बोर्डवर क्लिअर लिहिलंय, रेप्लिका,” ती म्हणाली. मग कॅमेरा काढून, अगदी गोड आवाजात, “काका, जरा साइडला होता का? फ्रेममध्ये येताय.”

अण्णा बाजूला झाला.

त्या संध्याकाळी तो माझ्याकडे कॉफीला आला. माझ्या घरी तो आला की मी काही विचारत नाही, कॉफी देते आणि भाजी निवडत बसते. अर्धा पेला झाल्यावर तो आपणहून बोलतो. तो म्हणाला, पोरगा चुकीचं बोलला नाही. ह्याच्या आतल्या निम्म्या पेट्यांत नुसती वजनं आहेत, ते खरं आहे. हा कधी उडणार नव्हता तेही खरं. पण काम केलं नाही असं म्हणता येणार नाही. मग थांबून म्हणाला, “इतकी वर्षं आयुधपूजेला ह्याला कधी कुंकू लागलं नाही, ठाऊक आहे तुला?”

मला ठाऊक नव्हतं. यान ठेवतात ती खोली म्हणे इतकी स्वच्छ, की डोक्यापासून पायापर्यंत पांढरा डगला घालून आत जायचं. पावडर नाही, अत्तर नाही, कपाळावर गंध नाही, खिशात रुमाल नाही. तिथे कुंकू कुठलं जाणार? पूजेच्या दिवशी सगळ्या विभागांतल्या यंत्रांना हार आणि ह्यांच्या खोलीच्या बाहेर, दाराच्या मुठीला, एक ठिपका. मूठ पुजली जायची. आतला तसाच. अण्णा मोठा देवभक्त आहे अशातला भाग नाही, एरवी तो वहिनीच्या सांगण्याशिवाय देवळात जात नाही. पण घरी त्या दिवशी तो स्कूटरपासून इडलीचं पीठ वाटायच्या रुब्ब्यापर्यंत सगळ्यांना स्वतः कुंकू लावतो, पाना-स्क्रू-ड्रायव्हर ओळीने मांडून.

“आता खोली सुटली,” तो म्हणाला. “नियम सुटला. मेस्त्री फेरी काढतील तेव्हा ह्याच्यासमोर एकदा थांबतील का, विचार.”

एवढंच मागणं. पाटी बदला म्हणाला नाही, चौथरा मोडा म्हणाला नाही. माझ्या थोरल्या भावाने माझ्याकडे कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही, तेव्हा मी ते लगेच वहीत लिहिलं आणि सोमवारी सकाळी वर्कशॉपमध्ये गेले.

मेस्त्रींनी नीट ऐकून घेतलं. मग कन्नडमध्ये, लहान मुलीला समजवावं तसं, मला समजावलं. अक्का, नवरात्रात दोन गोष्टी असतात. गोंबे आणि आयुध. गोंबे पायऱ्यांवर मांडतात, बघायला. आयुध हातात असतं, त्याला कुंकू. गोंब्यांना कुणी आयुधपूजेचं कुंकू लावत नाही आणि लेथला कुणी पायऱ्यांवर बसवत नाही. आमच्या डायनोसॉरला मी कधी लावलं का? ज्वालामुखीला? त्यांना लावलं तर मग ह्याला का नाही, आणि ह्याला लावलं तर त्यांना का नाही? उद्या माळी म्हणेल प्लास्टरची गायसुद्धा पुजा.

“आणि तुम्हीच तर त्याला पायऱ्यांवर बसवलात,” ते शेवटी म्हणाले.

मी घरी जाऊन अण्णाला सांगितलं, की मेस्त्री नाही म्हणतात, पण पूजेला ये, कडलेपुरी तरी मिळेल. तो बरं म्हणाला.

असे आम्ही त्या गुरुवारी जमलो.

मेस्त्रींनी लेथपासून सुरुवात केली. मग भोकं पाडायचं यंत्र, वेल्डिंगचा संच, जनरेटर. जनरेटरला झेंडूची मोठी माळ, कारण आमच्या भागातली वीज बघता तोच खरा अन्नदाता. तिथून व्हॅन. चाकांखाली लिंबं, ड्रायव्हरने गाडी पुढे काढली, लिंबं फुटली, टाळ्या. मग कार्यालय: टायपरायटर, नवीन कॉम्प्युटर, ज्याला कुंकू लावताना मी स्वतः मेस्त्रींच्या मनगटाला धरून उभी होते, आणि माझ्या टेबलावरचं पंच करायचं यंत्र. मग प्रोजेक्टर. मग सगळी वरात दर्शनी दालनातून फाटकाकडे, कोहळा फोडायला.

उपग्रहासमोरून मेस्त्री पुढे गेले. तबकातला कापूर जळत होता, त्यांची चाल ठरलेली. अण्णा दोरापाशी उभा होता, हात मागे, नेहमीसारखा. त्याने मान वळवली नाही. मी त्याची बहीण आहे, ती मान मला पाठीमागूनसुद्धा वाचता येते.

मी म्हटलं, “मेस्त्री, एक निमिष.”

मेस्त्री थांबले. मागे सर थांबले, बाकीचे एकमेकांवर आदळले.

“मला सांगायचं ते मी सांगितलंय,” मी म्हटलं. “आता त्याच्या माणसाला विचारा. ह्याने काम काय केलं ते.”

मेस्त्रींनी तबक दुसऱ्या हातात घेतलं आणि अण्णाकडे वळले. भांडण नव्हतं त्यांच्या आवाजात. “सांगा अण्णा. ह्याने काय केलं?”

मला वाटलं आता हा धक्के किती आणि तापमान किती ते सांगत बसणार आणि कापूर विझणार. पण तो दोराखालून वाकून आत गेला, दोन पायऱ्या चढला, आणि उपग्रहाच्या खालच्या अंगाला जिथे पट्ट्यांवर सगळा भार तोललेला असतो, तिथे बोट नेलं. टेकवलं नाही, नुसतं नेलं.

“ह्या चार पट्ट्या. ही एक जाड आहे, दिसते? हलवताना इथली पहिली पट्टी तुटली. तुटली म्हणून ही जाड घातली. मग वर गेला त्याच्या चारही जाड घातल्या.” तो खाली उतरला. “हा तुटला म्हणून तो टिकला. बाकी ह्याने काही केलं नाही.”

मेस्त्री वाकून पट्टीकडे बघत राहिले. लोखंडातलं त्यांना कळतं, तुटलेलं कुठे जोडलंय ते त्यांना दाखवावं लागत नाही. शिवाजीनगरला त्यांच्या वडिलांचा लोहारकामाचा छोटा गाळा होता, आता भाऊ चालवतो. ते उभे राहिले आणि आपल्या माणसांकडे बघत म्हणाले की आमच्या दुकानात पूजा आधी कुणाची, ठाऊक आहे? ऐरणीची. हातोडा नंतर. ऐरण काय करते? काही कापत नाही, काही वळवत नाही. मार खाते.

“सरी, बरोबर,” ते म्हणाले. “हे गोंबे नाही. कुंकू आणा.”

आणि त्यांनी कुंकवात बोट बुडवून हात पुढे केला, तसा अण्णा म्हणाला, “थांबा.”

इतकी वर्षं मी त्याला ओळखते, पण त्या वेळी मलाही हसावं की रडावं कळेना. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच हात आडवा धरून उभा. तो म्हणाला, अंगाला नको. ही भुकटी फटीत जाते, निघत नाही. कापूर तर मुळीच जवळ नको, हा पत्रा आगीला फार नाजूक. उदबत्ती नको, राख उडते. हार नको, झेंडूला पाणी सुटतं.

मेस्त्रींचं बोट हवेतच होतं. “अण्णा, पूजा तुम्हीच मागितली ना?”

“मागितली.”

“मग नमस्कार तरी चालेल, का त्यालाही डगला घालून यायचं?”

“नमस्कार चालेल,” अण्णा म्हणाला. “स्वल्प लांबून.”

तिकीट खिडकीवरच्या बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. सर मला हळूच विचारत होते की काय चाललंय, आणि मी सांगत होते की तांत्रिक चर्चा. कापूर विझायला आला. मेस्त्री आता खरोखर नाराज व्हायला लागले होते. मागितलेली पूजा देऊ केली आणि यजमानाने दारातच अडवली, ह्याहून अपमान कुठला. आणि अण्णाचा चेहराही तसाच झालेला. नियम त्याच्या हाताला इतका मुरलेला, की मनात असूनही तो हात बाजूला घेता येईना.

मग त्याची नजर टोपणावर गेली.

“ह्याला लावा,” तो म्हणाला. “हे त्याच्या अंगाचं नाही. झाकण आहे. उड्डाणाच्या आधी काढतातच.”

त्याने खिशातून पांढरा सुती हातमोजा काढला. निवृत्त होऊन सहा महिने झालेला माणूस हातमोजा घेऊन संग्रहालयात येतो, हे तेव्हा कुणाला विचित्र वाटलं नाही. मोजा घालून त्याने टोपणाखाली तळहात धरला, आरती घेताना धरतात तसा, भुकटी खाली सांडू नये म्हणून. मेस्त्री पायऱ्या चढले. थर्माकोलचा चंद्र त्यांनी पायाने जरा सरकवला. टोपणाच्या मधोमध बोट टेकवलं आणि मागे येऊन बघितलं.

काही दिसेना. लालावर लाल.

मेस्त्रींनी डोकं डावीकडे कलतं केलं, उजवीकडे केलं. पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा लावलं. तरी नाही. माळी म्हणाला, लागलंय ना, मग झालं. मेस्त्री म्हणाले, झालं कसं, दिसायला नको? त्यांनी अण्णाकडे बघितलं आणि हळदीची वाटी वर केली. अण्णाने विचार केला. मी मनात देवाचं नाव घेतलं.

“स्वल्प,” अण्णा म्हणाला.

तेवढी हळद लागली. लाल टोपणाच्या मधोमध पिवळा ठिपका, हरभऱ्याच्या डाळीएवढा. सगळ्यांनी लांबून नमस्कार केला, सरांनीही, बूट काढून. अण्णाने मोज्यातला हात तसाच धरून ठेवला होता, म्हणून त्याला नमस्कार करता आला नाही. त्याने नुसती मान वाकवली. मग मोजा उलटा करून, आत पडलेलं कुंकू-हळद आतच ठेवून, त्याची पुरचुंडी केली आणि खिशात घातली. पुढे फाटकात कोहळा फुटला आणि आम्ही कडलेपुरी खाल्ली. अण्णा आणि मेस्त्री व्हॅनला टेकून बराच वेळ वेल्डिंगविषयी बोलत उभे होते.

ह्याला आता दोन वर्षं झाली. पाटीचा मजकूर सरांनी त्याच आठवड्यात बदलून घेतला. आता तिथे चाचण्या सोसलेलं यान असं लिहिलं आहे, आणि जाड पट्टीकडे एक बाण दाखवला आहे. खाली मराठीची ओळही मी बसवली, पाट्यांच्या कागदावर सही माझीच लागते. थर्माकोलचा चंद्र नवीन स्टँडवर दुसऱ्या दालनात गेला. पायऱ्या तशाच आहेत, सुतार म्हणतो मोडल्या तर फरशीही येईल. मेस्त्रींच्या फेरीत उपग्रह आता जनरेटरनंतर लगेच येतो, व्हॅनच्याही आधी, आणि त्या दिवशी अण्णा धुतलेला मोजा घेऊन येतो. तो दोराखालून आत जातो तेव्हा पहारेकरी तोंड फिरवतो. पुण्याचं ते जोडपं पुन्हा आलेलं मी पाहिलं नाही. आलं तर पट्टी दाखवीन.

राहिलं टोपण. मागच्या महिन्यात पुस्तिकेसाठी फोटो काढायचे होते, तेव्हा सरांना ते आठवलं. मी अण्णाला विचारलं, की काढायचं कसं, फिरवायचं का ओढायचं. तो म्हणाला, अर्धा फेरा डावीकडे, मग ओढायचं. सोपं आहे.

“मग काढू?”

“उड्डाण आहे का?” त्याने विचारलं.

नाही, मी म्हटलं.

“मग कशाला?”

फोटो टोपणासकट छापले. नवीन वही सुरू करताना मी जुनीतली राहिलेली कामं उतरवून घेते. गवंड्यावर रेघ केव्हाच मारली, चंद्राच्या स्टँडवरही मारली. यंदाच्या वहीत पहिल्या पानावर, सगळ्यांत वर: लाल टोपण काढणे. बाकी.